जिन्यावर कोण आहे

१० जानेवारी

ही वही मला कामासाठी मिळाली आहे. पुढच्या पानांवर लिहायचं ते असं: नटीच्या हातात कप उजव्या की डाव्या, बाही दुमडलेली की सरळ, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी आणि उलटासुलटा काढतात, म्हणून हे कुणीतरी टिपून ठेवावं लागतं. ते काम माझ्याकडे आलं आहे. सकाळी आपण दोन्ही मोजे एकाच रंगाचे घातले का, हे ज्याला दुपारपर्यंत कळत नाही त्याच्याकडे. मागच्या पानांवर मी माझं लिहिणार.

काम मिळालं आत्यामुळे. ती तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती आणि त्यातली वीस वर्षं भुताच्या कादंबऱ्या लिहीत होती, एका पुरुषाच्या नावाने. ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. शेजारच्या खुर्चीवरची बाई तिचीच कादंबरी वाचून घाबरल्याचं तिला सांगायची, आणि आत्या म्हणायची, कशाला वाचता असलं काहीतरी.

त्यातल्या ‘एक पायरी कमी’चा सिनेमा होतोय. दिग्दर्शक बाई आहेत, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्यांनी ही कादंबरी बंद पडलेल्या वाचनालयाच्या रद्दीतून उचलली. आत्याने त्यांना दोनदा चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी घरी होतो, म्हणजे बेकरीतलं काम सुटलं होतं आणि नर्सरीतलं लागायचं होतं. आत्याने एकच अट घातली: जिन्यावर कोण आहे ते दाखवायचं नाही. मॅडम हो म्हणाल्या, पण आत्याने त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, तू तिथे राहा आणि तू मला शब्द दे. मी दिला. तिने पहिल्या कागदावर सही केली. दुसरा कागद सिनेमा बघितल्यावर. त्यावर सही झाल्याशिवाय सिनेमा कुठे दाखवता येणार नाही.

१४ जानेवारी

कादंबरी अशी आहे. एक बाई एका दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते. जिना चौदा पायऱ्यांचा. रोज संध्याकाळी कुणीतरी चढतं. ती मोजते. तेरा. चौदावी वाजत नाही. दार उघडावं तर कुणी नाही. ती घर बदलते. नव्या घराला अकरा पायऱ्या, तिथे दहा वाजतात. मग ती तळमजल्यावर घर घेते. तिथे सगळं शांत. आणि शेवटच्या प्रकरणात ती सामान बांधून परत पहिल्या घरी राहायला जाते. संपलं.

मी दहा वर्षांचा असताना हे वाचलं आणि शेवटच मला सगळ्यात भयंकर वाटला. सुटली होती ना, मग परत कशाला गेली? मॅडम म्हणतात, हा शेवट असाच ठेवला तर लोक खुर्च्या मोडतील.

आमचं वाचनालय म्हणजे वह्या-पेन्सिलींच्या दुकानाचा मागचा कोपरा. तिथे आत्याच्या सगळ्या कादंबऱ्यांवर कवटी असायची. आत कवटी असो नसो. चित्रकार बहुधा पुस्तकं वाचत नसे. ‘एक पायरी कमी’वर तर हिरव्या डोळ्यांचा सांगाडा आणि वटवाघूळ. मी वटवाघूळ शोधत अख्खी कादंबरी वाचली होती.

बाकीच्या कादंबऱ्या मला शोधाव्या लागल्या नाहीत, त्या माझ्यावरच तपासल्या गेल्या. आत्या कामावरून यायची, चहा घ्यायची आणि खिडकीशी बसून ताजं प्रकरण वाचून दाखवायची. मी पलंगावर पाय वर घेऊन. प्रकरण संपलं की म्हणायची, जा, मागच्या दारच्या बादलीतून तांब्याभर पाणी आण. मी गुमान गेलो तर ती कागद फाडून टाकायची. दारात घुटमळलो तर नुसतं ‘हं’ म्हणायची आणि पानांना आकडे घालायची. शाळेत मला फारसं कुणी पास केलं नाही, पण मी आत्याची पन्नासेक प्रकरणं पास केली आहेत. त्या संध्याकाळी आता आठवल्या की वाटतं, तेवढं मन लावून मी नंतर कुणाचंच ऐकलं नाही.

ही एकच कादंबरी तिने मला वाचून दाखवली नाही. का, म्हणून विचारलं होतं, तर म्हणाली, तू झोपलेला असायचास. बारा प्रकरणं आहेत. बाराही वेळा?

२२ जानेवारी

आज जिन्यावरून भांडण. सुतारकाकांनी स्टुडिओत चौदा पायऱ्यांचा जिना उभा केला. सुंदर आहे, जुन्या लाकडाचा, मधल्या पायऱ्या झिजलेल्या. झीज त्यांनी मुद्दाम रंध्याने आणली. मॅडम चढून गेल्या आणि म्हणाल्या, पंधरा झाल्या. सुतारकाका म्हणाले, चौदाच आहेत, वरची जमीन पायरीत धरत नाहीत. मॅडम म्हणाल्या, पाय तर पडतोच ना तिथे. दोघं मोजत चढली-उतरली. मीही त्यांच्या मागून चढलो-उतरलो, काही कारण नसताना. शेवटी आत्याला फोन केला. ती म्हणाली, पाय टेकला की पायरी. वरची जमीन हीच चौदावी.

सुतारकाकांना अख्खी पायरी काढावी लागली. करवत चालवता चालवता म्हणाले, ‘म्हणजे हा गडी सगळा जिना चढून येतो आणि घरात पाय तेवढा ठेवत नाही. आमचा एक जावई आहे तसला.’

३ फेब्रुवारी

चार दिवस शूटिंग चालू आहे. खिडक्यांना काळी कापडं लावून दिवसाढवळ्या संध्याकाळ करतात. जेवायला बाहेर आलो की ऊन डोळ्यात जातं आणि मला शाळेच्या सुट्टीत दुपारचे खेळ बघून बाहेर यायचो ते आठवतं. जग तसंच असायचं आणि आपण मात्र कुठून तरी लांबून आलेलो असायचो.

पण काम अडलंय. पुस्तकात लिहिलंय, ‘जिना रिकामा होता.’ तीन शब्द. वाचताना अंगावर काटा येतो. मॅडमनी तोच जिना वरून, खालून, कठड्यातून, कमी उजेडात, जास्त उजेडात असा सतरा वेळा घेतला. छोट्या पडद्यावर बघितलं तर नुसता जिना दिसतो. सुतारकाकांना तेवढा आवडला.

मॅडम म्हणाल्या, वाचणारा माणूस त्या रिकाम्या जिन्यावर आपापलं कुणीतरी उभं करतो. कॅमेरा ते करू देत नाही. तो म्हणतो, बघा, काही नाही. दाखवायचं नसलं तरी मला तरी माहीत हवं कोण आहे, म्हणजे कॅमेरा कुठे ठेवायचा ते कळेल. जा, आत्याकडून काढून आण. आलं नाही तर हा सिनेमा मी इथेच थांबवते.

६ फेब्रुवारी

काढून आणायला गेलो. आत्या शब्दकोडं सोडवत होती. विचारलं. ती म्हणाली, ‘तुझ्या मॅडमला सांग, मला माहीत असतं तर कादंबरी कशाला लिहिली असती?’

मी म्हणालो, निदान जिवंत आहे की मेलेलं एवढं तरी सांग. तिने पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, तेही माहीत नाही. आणि मग जेवलास का, पाय असे फाकवून का बसतोस, बुटांच्या नाड्या अगदी बापासारख्या बांधतोस, दोन्ही गाठी एकाच बाजूला, असलं सगळं सुरू झालं. लेखक लोक विचित्र असतात. स्वतःच्याच पुस्तकातली माहिती द्यायला कसला एवढा आडमुठेपणा.

बापाचा विषय निघाला म्हणून लिहून ठेवतो. आई मी वर्षाचा असताना वारली. बाबा मी सहा वर्षांचा असताना कामासाठी म्हणून बाहेरगावी गेले. दोन पत्रं आली, मग नाही. ते आत्याचे धाकटे भाऊ, पाठोपाठचे. मला त्यांचा चेहराही आठवत नाही, आणि जे आठवतच नाही त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं. मला सात वर्षं पूर्ण झाली तेव्हा ‘एक पायरी कमी’ छापून आली, आणि माझा वाढदिवस त्या गडबडीत राहून गेला. त्याचं मात्र अजून वाटतं.

७ फेब्रुवारी

खोटं बोललो.

मॅडमनी दारातच विचारलं. सगळं युनिट चहाचे पेले हातात घेऊन माझ्याकडे बघत होतं. तीसेक माणसं मी काय बोलतो ते ऐकायला एकदम गप्प झाली, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी म्हणालो, आधीच्या भाडेकरूची बायको आहे. विहिरीत बुडालेली. कुठून सुचलं देव जाणे. येताना वाटेत एक नळ गळत होता, बहुधा त्यावरून.

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, तरीच ती शेवटच्या पायरीवर थांबते. पाणी निथळतंय, घर खराब होईल म्हणून. मलाही पटलं.

१५ फेब्रुवारी

ओली बाई जोरात चालू आहे. ‘जरासं दाखवू, नुसते केस’ म्हणता म्हणता अख्खी दाखवली. मेकअपला तीन तास, रबरी नळीने पाणी. माझं काम वाढलं, कुठल्या पायरीवर किती थेंब पडले तेसुद्धा टिपायला लागतं. पण बघताना खरंच दचकायला होतं. मला मजा येतेय, हे कबूल करतो. शब्दाची आठवण येते, नाही असं नाही. पण सगळे इतके खूश आहेत. आत्यालाही आवडेल. तीही घाबरवायलाच लिहायची ना.

१९ फेब्रुवारी

मॅडमनी मला न सांगता आत्याला गाडी पाठवून बोलावून घेतलं. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. आत्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत आली. समोर जिन्याच्या पायथ्याशी ओली बाई स्ट्रॉने चहा पीत बसली होती, ओठांचा रंग जाऊ नये म्हणून.

आत्याने तिला विचारलं, थंडी वाजत नाही का गं. कुणाला तरी टॉवेल आणायला लावला. एक शॉट बघितला, बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. निघताना कठड्यावरून हात फिरवला आणि सुतारकाकांना म्हणाली, जिना छान झालाय. ते लाजले.

माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

२० फेब्रुवारी

सकाळी घरी गेलो. वाटलं होतं ओरडेल. मी लहानपणी काचेचं भांडं फोडलं की ओरडायची आणि पाच मिनिटांत विसरायची. तशी ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, लोक घाबरतील पण, बघ तू.

ती म्हणाली, ‘घाबरतील, आणि घाबरून मोकळे होतील. त्या पोरीला बघितल्यावर कळतं की ही मेलेली आहे. मेलेल्या माणसाचं संपलं, भिंगरी. मी संपलेलं काही लिहिलं नव्हतं.’

लहानपणापासून मला भिंगरी म्हणते, एका जागी ठरत नाही म्हणून. आज ते नाव वेगळंच लागलं.

दुसऱ्या कागदावर ती सही करणार नाही. ते सांगताना आवाजही चढवला नाही. म्हणाली, मी त्यांना अडवत नाहीये. मी तुझ्या शब्दावर पहिली सही केली होती, शब्दच राहिला नाही तर दुसरी कशावर करू?

२१ फेब्रुवारी

मॅडमना खरं सांगितलं. त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, तू फसवलंस याचं इतकं नाही. मला जे हवं होतं तेच तू दिलंस आणि मी हसत घेतलं, त्याचा राग येतोय.

दुपारी मी पिशवी भरली. आतापर्यंत प्रत्येक कामातून असाच गेलोय, बिनसलं की पिशवी. दारापर्यंत गेलो तर सुतारकाका म्हणाले, जरा ही फळी धर. फळी धरलेला माणूस कुठे जाणार. संध्याकाळ झाली, मग उद्या बघू म्हणून राहिलो.

२४ फेब्रुवारी

मॅडम आत्याकडे गेल्या, मला घेऊन. मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो, शाळेत बसवायचे तसा.

मॅडम म्हणाल्या, मी ओल्या बाईचं सगळं काढून टाकते. पण मग माझ्याकडे रिकामा जिना उरतो, आणि तो रिकामाच दिसतो. तुम्ही सांगा मी काय करू. त्या खरंच रडकुंडीला आल्या होत्या.

आत्या आत जाऊन चहा करून आली. मग एक्स्चेंजच्या गोष्टी सांगायला लागली. मला वाटलं विषय टाळतेय. कानाला लावायचा तो जड यंत्राचा पट्टा, समोरच्या छिद्रांत खुपसायच्या तारा, उन्हाळ्यात गरम होणारी ती भिंत. मला तिथे एकदा नेलं होतं, वीस बायका एकदम हळू आवाजात बोलत होत्या आणि मला ती जागा देवळासारखी वाटली होती. आता तिथे गाड्या लावतात.

मग आत्या म्हणाली, ‘तीस वर्षं मी एक माणूस बघितलं नाही. नुसती ऐकली. कोण रडून आलंय, कोण फोन ठेवायचं टाळतंय, सगळं कळायचं. तुम्ही दाखवायच्या मागे का लागलाय? ऐकवा की.’

मॅडम म्हणाल्या, पावलांचे आवाज घेतलेत, पण ते नुसते आवाज आहेत. आत्याने विचारलं, कुणी चालून दाखवलं? कळलं की सिनेमात मागाहून आवाज भरणारा आवाजवालाच सगळ्यांची पावलं चालतो, नटीचीसुद्धा. आत्या हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, मी येते.

१२ मार्च

आवाजांच्या खोलीत गेलो. भिंतींना स्पंजसारखं काहीतरी, खाली वाळू, फरशी, लाकूड असे चौकोन, कोपऱ्यात नाना तऱ्हेचे बूट आणि चपला. आवाजवाला पन्नाशीतला, हळू बोलणारा. सुतारकाकांच्या जिन्याच्या तेरा पायऱ्या त्याने तिथेच आणून लावल्या होत्या.

त्याने आत्यापुढे बायकांच्या चपला ठेवल्या. तिने सरकवल्या. पुरुषाचे बूट मागितले, आठ नंबर, टाच झिजलेली. मग एक पिशवी मागितली. आवाजवाल्याने विचारलं, वजन किती भरू. ती म्हणाली, तीन जोड कपडे आणि एक जाड पुस्तक. एवढं नेमकं तिला कसं सुचतं, मला नवल वाटलं.

मॅडम आणि मी काचेपलीकडे. आत्या चढायला लागली. म्हातारी बाई चढत होती, पण कानात वेगळंच कुणी येत होतं. डावा पाय किंचित जड. पाचव्या पायरीला कठड्याला अंगठी लागल्यासारखं टक्. सातव्या पायरीवर ती थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग पुढच्या तीन पायऱ्या भराभर, उशीर झाल्यासारख्या. मग परत हळू. अकरा. बारा. तेरा.

तिथे ती उभी राहिली. आवाजवाल्याने हात वर धरला होता, कुणी बोलू नये म्हणून. मॅडमनी त्याला थांबवायची खूण केली, त्याने नाही म्हणून मान हलवली. नुसता श्वास ऐकू येत होता, बुटाचं चामडं जरासं करकरलं, एकदा पिशवी खाली ठेवावी की नको असं झालं आणि नाही ठेवली. काचेवरच्या घड्याळात एक मिनिट दहा सेकंद. मला लघवीला लागल्यासारखं झालं, भीतीने नाही, कशाने ते कळलं नाही. मला ओरडून म्हणावंसं वाटत होतं, ये की.

मग आत्याने तिथल्या तिथे बूट काढले आणि अनवाणी खाली आली. म्हणाली, झालं.

आवाजवाला म्हणाला, परत घेऊ या का, एकदा सुरक्षित म्हणून. ती म्हणाली, नाही, हे एकदाच.

२ एप्रिल

पहिला खेळ, फक्त ओळखीच्या चाळीसेक माणसांसाठी. रिकामा जिना पडद्यावर तीन मिनिटं दिसतो. तोच जिना, तोच उजेड, सतरातला पहिलाच शॉट. या वेळी कुणीही तो नुसता जिना आहे असं म्हणालं नसतं. दोन रांगा पुढे बसलेले सुतारकाका कठड्याकडे बघतच नव्हते. शेवटही आत्याचाच ठेवलाय. बाई सामान घेऊन परत येते, तेव्हा कुणी खुर्ची मोडली नाही.

दिवे लागल्यावर आत्याने पर्समधून पेन काढलं आणि मॅडमच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मॅडम वाकूनच उभ्या राहिल्या, सही झाल्यावरसुद्धा.

बाहेर एका गृहस्थांनी मला गाठलं. तुम्ही लेखिकेच्या घरचे ना, तुम्हाला माहीत असणार, जिन्यावर कोण होतं? माझ्या तोंडाशी काहीतरी आलं. आलं होतं खरं, कारण बारा मार्चपासून माझ्या डोक्यात एक शंका आहे. मी म्हणालो, ते सांगायचं नाही असा मी शब्द दिलाय. ते हसले आणि स्वतःच म्हणाले, मला तर वाटलं आमचा थोरला. मग, चला, गाडी लांब लावलीय, म्हणत निघून गेले.

ती शंका मी इथेही लिहीत नाही. वही कुणीही उघडतं.

९ एप्रिल

मॅडमचा पुढचा सिनेमा दुसऱ्या गावी आहे. तिथेही हेच काम. एकाच माणसाकडे दुसऱ्यांदा काम करायला मी पहिल्यांदाच निघालोय. आत्याने सकाळी पिशवी भरून दिली आणि पोचलास की फोन कर म्हणाली. मी हो म्हणालो. ती म्हणाली, हो नको म्हणूस, कर.

स्टँडवर बसून लिहितोय. आवाजवाल्याकडून तो तुकडा मी मागून घेतला होता. कशाला, असं त्याने विचारलं नाही. इयरफोन कानात घालून ऐकत होतो. कठड्यावरची ती टक्. सातव्या पायरीला पिशवी या हातातून त्या हातात. तेरा. मग ते एक मिनिट दहा सेकंद. डोळे मिटले की माणूस अगदी शेजारी येऊन उभा राहतो. उंची कळते. तो काहीतरी बोलणार आहे असं वाटतं, आणि मी त्याला घाई करत नाही.

डोळे उघडले तेव्हा बस वळणावर दिसेनाशी होत होती. पुढची दोन तासांनी आहे. सावलीतला बाक बघून बसलो आणि परत पहिल्यापासून लावलं.